कुमुदचं कॉलेज आणि रिकामं गाव

आमच्या घरात एखादी गोष्ट ठरवायची झाली की ती आधी यांच्याकडे जाते. हे ती त्यांच्या थोरल्या भावाकडे, म्हणजे दादांकडे, पाठवतात. दादा ती पुढं कुठं पाठवतात, हे मला गेल्या पौषापर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी सांगलीहून बहुधा निघालेच नसते, आणि मग जे बघितलं ते बघायचं राहून गेलं असतं.

प्रश्न होता कुमुदच्या कॉलेजचा. कुमुद आमची एकुलती एक लेक. तेव्हा इंटर सायन्सला होती. तिचे वडील बांधबंदिस्तीच्या खात्यात ओव्हरसियर. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस जतेकडे नाहीतर आटपाडीकडे तंबूत राहायचं आणि उघड्या माळावर उताराला आडवे बांध घालून घ्यायचे, हे त्यांचं काम. सुटीत पोरीला बरोबर नेत. त्यामुळे बाकीच्या मुली भातुकली मांडत त्या वयात ही अंगणात मातीचे बांध घालून तांब्यानं पाणी सोडून बघायची, आणि माझं सारवण वाहून जायचं. मोठी झाली तरी ते खूळ गेलं नाही. जमीन, पाणी आणि रान कसं राखायचं, एवढंच तिला शिकायचं होतं.

त्याला दोन वाटा होत्या. एक आमच्या गावातलंच कॉलेज. तिथं वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी मिळाली असती, दुपारी घरी येऊन गरम भाकरी खाता आली असती. दुसरं लांबचं शेतकी कॉलेज. त्यात शेवटची दोन वर्षं हाच विषय शिकवतात, पण मुली हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि राहायचं वसतिगृहात. तिथल्या बाईंनी कळवलं होतं, संक्रांतीच्या आत होकार द्या, म्हणजे मुलीसाठी खोली राखून ठेवते.

मला काय हवं होतं ते आडपडदा न ठेवता सांगते. मला ती घरी हवी होती. हे सदा फिरतीवर; घरात बोलायला माणूस म्हणून ती एकटी. ती गेली की मी आणि भिंती. पण ही कारणं तोंडावर सांगता येत नाहीत, म्हणून मी आपली म्हणत राहिले, "लांबच्या कॉलेजात पोरीच्या जातीला धोका." कुमुद म्हणायची, "इथं सांगलीत कमी आहे का?" हे दोघींचं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "दादांना विचारून या." यांना रजा मिळेना. म्हणून नाताळच्या सुटीत आम्ही दोघी निघालो. मालवणकडच्या आमच्या मूळ गावी लग्नानंतर मी एकदाच गेले होते, तेही कोऱ्या लुगड्यात मान खाली घालून. म्हणजे काहीच पाहिलं नव्हतं.

घाट उतरल्यावर

कोल्हापुराहून एसटीनं फोंडा घाट उतरताना एक गंमत होते. वरच्या अंगाला थंडीनं ओठ फुटलेले असतात, हवा कोरडी ठणठणीत. चार वळणं खाली आलं की कुणीतरी ओला पंचा तोंडावरून फिरवावा तसं वाटतं. माती लाल होते, झाडं अंगावर येतात. कुमुदनं खिडकीतून जे डोकं बाहेर काढलं ते आत घेईना. "आई, बघ, एवढा उतार आणि माती जागची हललेली नाही," असं ती दर वळणाला सांगत होती. मी वांतीच्या भीतीनं आवळा चघळत बसले होते.

जावेसाठी मी सांगलीची हळद डबाभर नेली होती. घाटात डब्याचं झाकण उडालं आणि हळद माझ्या मांडीवर, कुमुदच्या केसांत आणि शेजारच्या म्हाताऱ्याच्या टोपीवर बसली. पुसायला गेले तशी ती आणखी पसरली. कंडक्टर तिकिटं बघत आला, आमच्याकडे पाहून म्हणाला, "न्हवरी खंयची आणि करवली खंयची?" अख्खी गाडी हसली. कुमुदही हसली, आणि तिचं हसणं पाहून माझा राग निम्मा उतरला. पिवळ्याधमक अवतारात आम्ही कणकवलीला गाडी बदलली आणि आचऱ्याच्या अलीकडं आमच्या फाट्यावर उतरलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या खेपेला मुंबईची माणसं कॅमेरे घेऊन तिथं जातील, आणि दादा माझ्याशी बोलणार नाहीत.

पाहुणे दारात, यजमान बाहेर

फाट्यापासून घरापर्यंत माडांतून पाणंद आहे. त्या पाणंदीत आम्ही शिरलो तर समोरून सगळा गाव बाहेर येत होता. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत भांडी, काखेत कोंबड्या. पुढं गुरं, मागं कुत्री. एका म्हातारीला दोघांनी खुर्चीत बसवून उचललं होतं आणि ती मांडीवरचं मांजर गोंजारत चालली होती. रडारड नाही, घाई नाही.  मला वाटलं साथ आली, नाहीतर सरकारनं धरणासाठी गाव उठवला. आमच्याकडं तेव्हा तेच ऐकू यायचं.

घरी पोचलो तर जाऊबाई चुलीत पाणी ओतून विस्तव विझवत होत्या. पाहुण्यांच्या तोंडावर चूल विझवलेली मी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ह्या काय गो सुशीला? हळद लागली कोणाक?"

मी पत्र टाकलं होतं. ते अजून पोचलं नव्हतं. तेवढ्यात दादा आले. उंच, कोरडे, कमरेला पंचा. मुंबईला गोदीत नोकरी करून आता भात आणि माड बघतात. त्यांनी आम्हाला बघून आश्चर्य म्हणून दाखवलं नाही. "इलास? बरा झाला. पाणी पिया नि चला. हय बसूचा नाय आता."

"कुठं चला?"

"गावाभायर."

मग वाटेनं चालता चालता उलगडा झाला. तीन-चार वर्षांतून एकदा, देवाचा कौल मिळाला की हा गाव आपली वेस सोडून बाहेर पडतो. तीन रात्री गावात माणूस नाही, जनावर नाही, दिवा नाही, चूल नाही. गावपळण म्हणतात तिला. दारांना कुलपं लावत नाहीत. जाऊबाईंनी कडीत सुंभाचा तुकडा अडकवला, बस्स. मी म्हटलं, "अहो, दागिने, पैसे?" त्या म्हणाल्या, "चोर पण ह्याच गावचो मा? तो पण भायरच आसा."

कुमुदनं दादांना विचारलं, "पण कशासाठी, काका?"

दादा थोडं चालले आणि म्हणाले, "गाव देवाचो. आमी भाडेकरू. कधीतरी मालकाक घर मोकळा करून देवक नको?"

देशावर मी पुष्कळ देव पाहिले. कुणाला बोकड लागतो, कुणाला नारळ, कुणाला नुसती पुरणपोळी. आपल्या भक्तांना घराबाहेर काढून स्वतः निवांत बसणारा देव मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडला. वर्षातून दोन दिवस मलाही असं कुणी घर मोकळं करून दिलं तर हवंच आहे.

सड्यावर

वेशीबाहेर एक चढ चढून गेलं की सडा लागतो. सडा म्हणजे काळपट जांभ्या दगडाचं सपाट माळरान. खाली तिन्ही बाजूंना माड आणि पुढं समुद्र. तिथं झावळ्यांच्या खोपी उभ्या राहिल्या होत्या, एकीला लागून एक. दोन बांबू, वर झावळ्या, खाली पेंढा. आमच्याकडच्या ऊसतोडीच्या पालांपेक्षा नीटनेटक्या. चुली मांडल्या गेल्या आणि दिवस कलायच्या आत माशांचा वास सुटला.

माझ्या माहेरी, मिरजेला, मटण असे पण मासा कधी शिजला नाही. जाऊबाईंनी पानात बांगड्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, वाढलं. मी भाकरी चुरावी तसा बांगडा चुरला आणि काटा घशात बसवून घेतला. माझे डोळे पांढरे झाले. जाऊबाईंनी शांतपणे भाताची मूद हातात दिली, "चावू नको, गीळ," म्हणाल्या, काटा उतरला आणि लगेच त्यांनी दुसरा बांगडा वाढला. त्यानंतर काटे काढायचं काम कुमुदनं माझ्यासाठी केलं. लहानपणी मी तिला उसाची पेरं सोलून द्यायचे, तशी ती काटे काढून घास माझ्या पानात ठेवत होती. मला तो मासा अतिशय आवडला. ती कढी, ती उकड्या तांदळाची पेज आणि बरोबर खारातली कैरी, यांचं वर्णन करत बसले तर कॉलेज राहूनच जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा गोंधळ झाला. जाऊबाईंचा तांबडा कोंबडा पायाची दोरी सोडवून पळाला. आम्ही सगळ्या हातातलं काम टाकून त्याच्यामागं. तो उतारावरून वेशीच्या दगडाकडं निघाला. मी त्याच्या शेपटीपर्यंत पोचले होते. तेवढ्यात तो दगड ओलांडून पलीकडं गेला आणि माझ्या आजूबाजूच्या सगळ्या बायका जागच्या जागी थांबल्या. एकीचाही पाय पुढं पडला नाही. कोंबडा पलीकडं हातभर अंतरावर उभा राहून आमच्याकडं बघत होता. हात लांब केला असता तर हातात आला असता.

"धरा ना त्याला," मी म्हटलं.

जाऊबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "गेलो तो. आता देवाचो." आणि त्या मागं वळल्या. अंड्यावरून शेजारणीशी भांडणारी ही बाई, पण कोंबड्याकडं तिनं पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. कुमुद मात्र त्या दगडाशी उभी राहिली. मी हाक मारली तेव्हा म्हणाली, "आई, बाबा एका बांधासाठी पंचवीस वेळा सांगतात, यावर गुरं चढवू नका. तरी चढवतात. इथं तर कुणी सांगायलासुद्धा उभं नाही."

त्या संध्याकाळचं मला नीट लिहिता येईल की नाही शंका आहे. दादा आम्हा दोघींना सड्याच्या कडेला घेऊन गेले. खाली गाव होता. दिवेलागणीची वेळ, म्हणजे एरवी दर कौलातून धूर निघायचा, हाका ऐकू यायच्या, गुरं हंबरायची. आता काही नाही. कौलं, अंगणं, तुळशी, विहिरी, सगळं जागच्या जागी आणि सगळं गप्प. आधी मला भीती वाटली. रिकाम्या घराची भीती मला पहिल्यापासूनच आहे. पण बघत राहिले तसं एकेक दिसायला लागलं. पांढरे बगळे शेतातून उठून थेट एका अंगणात उतरले आणि तुळशीभोवती चालायला लागले. मोठ्या चोचीचा धनेश पक्षी आमच्याच घराच्या कौलावर येऊन बसला. पाणंदीतून, आम्ही आदल्या दिवशी आलो त्याच वाटेनं, दोन कोल्हे चालत आले. पळत नव्हते, लपत नव्हते. बाजाराला निघाल्यासारखे रमतगमत चालले होते. माडांच्या पलीकडून समुद्राची गाज येत होती.

"ह्यो आवाज रोज येता काय?" दादा स्वतःशीच बोलले. "जल्मलंय हय, पण घरात बसान कधी आयकूक नाय."

माझ्या अंगावर काटा आला. हात आपोआप जोडले गेले, आणि ते नेमके कुणाला जोडले हे मला अजून सांगता येत नाही. कुमुदच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "हेच. मला हेच शिकायचंय."

तेव्हाच दादांनी विषय काढला. "कित्याक इलास, ता सांगलास नाय."

मी सगळं सांगितलं. दोन कॉलेजं, संक्रांतीची मुदत, यांचा निरोप. दादांनी ऐकून घेतलं, कुमुदकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "माका कॉलेजातला काय कळता? रवळनाथाक इचारूया. गावात परत गेलो काय कौल लावतंय."

म्हणजे घोडं कुठं पेंड खात होतं ते मला कळलं. यांनी दादांवर सोडलं, दादांनी देवावर. मला हसू आलं आणि बरंही वाटलं, कारण मनात आलं, देव काही तरण्या पोरीला लांब पाठवायचा नाही. कुमुद मात्र ताडकन म्हणाली, "काका, राग मानू नका. पण कौल उलटा आला तरी मी जाणार. फूल कुठल्या अंगाला पडतं त्यावर मी माझं शिक्षण ठरवणार नाही."

दादा रागावले नाहीत. "बरा," एवढंच म्हणाले.

आणखी एक दिवस

तीन रात्री झाल्या की गावचे मानकरी देवळात जाऊन परतायचा कौल मागतात. त्या सकाळी खोपी आवरल्या गेल्या, टोपल्या भरल्या, गुरं सोडली. मुलं तर वेशीच्या दगडाशी जाऊन उभी होती. आम्हीही हळदीचे डाग पडलेलं गाठोडं बांधलं. घरी जाऊन आंघोळ करायची या एकाच विचारानं मी उल्हासले होते.

मानकरी परत आले. पुढचा वयस्कर गावकार, म्हणजे मुख्य मानकरी, नुसता मान हलवत होता. कौल मिळाला नव्हता. आणखी एक दिवस बाहेर.

आमच्या सांगलीत असं झालं असतं तर एव्हाना मोर्चा निघाला असता. किती जणांचे तांदूळ संपले होते ते मला दिसत होतं. शेजारच्या खोपीत तान्हं मूल होतं. एका घरचा मुलगा मुंबईहून दोनच दिवसांसाठी आला होता, त्याला घराचं दार न बघताच परत जायचं होतं. पण कुणी हूं की चूं केलं नाही. टोपल्या खाली उतरल्या, बांधलेलं सुटलं, चुली पुन्हा पेटल्या. जिच्याकडं तांदूळ होते तिनं दुसरीच्या टोपात ओतले. मुंबईचा मुलगा वेशीच्या दगडाला हात लावून फाट्याकडं निघून गेला.

दुपारी कुमुद आणि मी व्हाळावर, म्हणजे सड्याच्या पोटातून निघालेल्या ओढ्यावर, धुणं धुवायला गेलो. पाणी इतकं नितळ की तळाचे खडे वेचावेत. 

"आई, मी काकांना सांगितलंय, कौल लावा. येईल तो मी मानीन."

माझ्या हातातलं लुगडं पाण्यात सैल झालं. "तू तर म्हणाली होतीस..."

"म्हणाले होते. पण ही सगळी माणसं बघ ना. यांना घरी जायचं नव्हतं का? स्वतःच्या मनाला 'थांब' म्हणता येत नसेल, तर मी पुढं लोकांना कुठल्या तोंडानं सांगणार, इथं कुऱ्हाड घालू नका, इथं गुरं चारू नका? मला एवढंसुद्धा जमत नसेल तर शिकून उपयोग काय?"

"आणि कौल माझ्यासारखा आला तर?"

"तर तुझ्याजवळ राहीन. कुरकुर करणार नाही." आणि तिनं धुणं पिळायला घेतलं.

लेक आपल्या मुठीत आली की आईनं सुखावावं. मी सुखावले नाही. तिनं भांडावं, हट्ट धरावा, म्हणजे मलाही भांडता येत होतं. आता ती भांडणार नव्हती. एक पाकळी पडेल आणि ही पोर मान खाली घालून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसेल, गरम भाकरी खाईल, आणि मी वाढत राहीन. हेच तर मला हवं होतं. 

देवळात

दुसऱ्या दिवशी कौल झाला आणि नगारा वाजला. गाव परतला. अंगणात पाऊल टाकलं तर धुळीवर ठशांची नुसती रांगोळी होती. कुमुद उकिडवी बसून वाचत होती: हा कोल्हा, हा मोर, हे रानडुक्कर. माडाखाली तांबडी पिसं पडली होती. जाऊबाईंनी ती गोळा करून केळीच्या बुंध्याला घातली आणि म्हणाल्या, "देवाचो वाटो पोचलो." विहिरीचं पाणी एक पायरी वर आलं होतं. जाऊबाईंनी नवा विस्तव घातला आणि कौलांतून पहिला धूर निघाला.

पुढच्या सकाळी आम्ही रवळनाथाच्या देवळात गेलो. बसकं कौलारू देऊळ, आत अंधार आणि ओल्या दगडाचा गारवा. अंधाराला डोळे सरावले तेव्हा काळ्या पाषाणाची उभी मूर्ती दिसली. गावातली वीस-पंचवीस माणसं आपापली गाऱ्हाणी घेऊन बसली होती. कौलाची रीत अशी: मूर्तीला दोन्ही अंगांना पाण्यात भिजवलेली एकेक पाकळी चिकटवायची आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी गळली तर हो, डावी गळली तर नाही.

आमची पाळी आली. गावकारानं विचारलं, "मागणा कोणाचा?"

दादांनी कुमुदकडं पाहिलं. कुमुद म्हणाली, "आईचं."

खरंच होतं ते. तिला काही विचारायचंच नव्हतं. मी पुढं होऊन बसले. गावकारानं पाकळ्या लावल्या आणि दादा हात जोडून उभे राहिले. एरवी दोन शब्दांत संपणारे दादा, त्यांचा आवाज देवळात घुमायला लागला.

"बा देवा रवळनाथा, आज ही तुझी सून देशावरसून तुझ्या पायाकडे इली आसा..."

"व्हय म्हाराजा," बसलेल्या सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं.

"तिचा एकच चेडू. ता हुशार आसा..."

"व्हय म्हाराजा."

"त्या चेडवान आवशीकडे रवान शिकूचा काय, ता तूच सांग. रवूचा आसात तर उजवी दी..."

"व्हय म्हाराजा."

उजवी पडली की कुमुद माझ्याजवळ राहणार, डावी पडली की लांब जाणार. समईच्या उजेडात दोन पाकळ्या दिसत होत्या. मी कुमुदकडं पाहिलं. ती मूर्तीकडं बघत नव्हती. तिनं डोळे मिटले होते, आणि ओठ इतके घट्ट आवळले होते की पांढरे पडले होते. परीक्षेचा निकाल ऐकताना, ताप मोजून घेताना, लहानपणापासून ती अशीच ओठ आवळते.

आणि एक पाकळी हलली. वरचं टोक सुटलं, खाली वाकलं, आता फक्त देठाकडून धरून होती.

"थांबा," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.  गावकारानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी बूट घालून गाभाऱ्यात शिरले आहे. "कौल लावल्यार मधी बोलनत नाय, बाये."

"मला विचारायचं नाही. माझं मागणं मी परत घेते."

"असा कसा परत घेतलंस?"

 पण दादा सावकाश म्हणाले, "मागणारीण तीच मा? पाकळी अजून खाली पडूक नाय. पडापर्यंत मागणा मागणाऱ्याचाच."

गावकारानं मूर्तीकडं पाहिलं, मग दादांकडं. मग त्यानं तांब्या उचलला आणि मूर्तीवर पाणी सोडलं. दोन्ही पाकळ्या एकदमच वाहून गेल्या. "मगे देवाक काय सांगू?" त्यानं मला विचारलं.

मला गाऱ्हाणं घालता येत नाही. ती भाषाही माझी नाही. मी हात जोडले आणि आपलं सांगलीचंच बोलले. "देवा, माझ्या लेकीला लांबच्या कॉलेजात जायचंय. मला ती घरी हवी होती. पण मी तिला पाठवते आहे. मी, तिची आई, पाठवते आहे."

 मग मागं बसलेल्या त्या सगळ्या, मला फारसं न ओळखणाऱ्या माणसांनी एका आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा."

तिथं मी रडले. लाज वाटली नाही. दादांनी राहिलेलं गाऱ्हाणं पुरं केलं: चेडू परमुलखात जाता, तिच्या वाटेवर उजेड ठेव, तिच्या आवशीच्या घरात तू सोबतीक बस. दर वाक्याला गाव होकार देत होता आणि शेवटी शेवटी मीही त्यांच्यात आवाज मिसळला.

बाहेर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. दादा पुढं गेले. पायऱ्यांवर कुमुदनं माझा हात धरला.  नुसता हात दाबत राहिली. मग म्हणाली, "आई, तू थांबवलंस तेव्हा कुठली पाकळी सुटत होती गं?"

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हटलं. "चल लवकर, जाऊबाई जेवायला खोळंबल्या असतील."

वसतिगृहाच्या बाईंना संक्रांतीच्या आत होकार गेला. आषाढात मी तिला गाडीत बसवून आले. घरी आता मी आणि भिंती, आणि महिन्यातले चार दिवस हे. हे छापून आलं की कुमुद तिकडं वाचेलच, म्हणून सांगून टाकते. कुमुद, उजवी सुटत होती.